जेम्सटाउनला सभा मिळाली, मुंबईला का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. व्हर्जिनिया ही लंडनच्या एका कंपनीनं अमेरिकेत वसवलेली वसाहत आणि मुंबई बेटही १६६८ पासून लंडनच्याच एका कंपनीकडे. व्हर्जिनियात, जेम्सटाउन या तिथल्या पहिल्या वस्तीत, १६१९ साली निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा भरली. मुंबईत कंपनीच्या राज्यात तसं घडलं नाही. मग इंग्रजांनी लोकशाही फक्त आपल्या माणसांसाठी राखून ठेवली, एवढंच कारण मानायचं का?

अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर मी तीसेक वर्षं शिकवला. उत्तरपत्रिकांत एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘इंग्रज हे मुळातच स्वातंत्र्यप्रिय असल्यामुळे…’ पुढे पुढे त्याच्या जागी ‘इंग्रज हे मुळातच वंशवादी असल्यामुळे…’ येऊ लागलं. दोन्हींना मी अर्धा गुण द्यायचो. ‘मुळातच’ हा शब्द आला की विद्यार्थ्यानं कागद वाचलेला नाही, एवढं कळायचं.

मला जे उत्तर पटतं ते आपल्याच जुन्या दप्तरांतल्या एका शब्दात मावतं. तो शब्द म्हणजे कौल. ओसाड गाव पुन्हा लावणीला आणायचं किंवा नवी पेठ वसवायची, तर आपल्याकडे सरकार पाटलाला, शेटे-महाजनांना कौल देई. पहिली काही वर्षं सारा माफ, पुढे इस्ताव्यानं थोडाथोडा वाढवू, जकातीत सूट देऊ, घराला जागा देऊ. माणसं हवी असली की सरकारची भाषा मऊ होते. व्हर्जिनिया कंपनीनं १६१८ साली काढलेला हुकूम म्हणजे असा कौलच होता आणि सभा हे त्यातलं एक कलम होतं.

आता जरा मागून येऊ. समुद्रापारच्या या धंद्यात इंग्रज उशिरा उतरले आणि खिसा सांभाळत उतरले. कोलंबस १४९२ ला स्पेनच्या राजाराणीच्या आश्रयानं निघाला, वास्को द गामा १४९८ ला पोर्तुगालच्या राजाची जहाजं घेऊन कालिकतला पोचला. मधल्या काळात, १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहानं, या दोन राजसत्तांनी युरोपबाहेरचं जग आपसांत वाटूनही घेतलं होतं. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीनं जॉन कॅबटला सनद दिली खरी, पण खर्च तुझा तू कर म्हणून सांगितलं. १४९७ साली कॅबट ब्रिस्टलहून निघून न्यूफाउंडलंडच्या बाजूचा किनारा पाहून आला, तेव्हा राजानं त्याच्या हातावर दहा पौंड टेकवले. हा दहा पौंडांचा आकडा लक्षात ठेवा, मुंबईला पोचल्यावर पुन्हा भेटेल.

पुढची शंभर वर्षं हेच धोरण. एलिझाबेथ राणी सनदा सढळ हातानं देई, पैसे देताना हात आखडे. हंफ्री गिल्बर्टला १५७८ ला सनद मिळाली, १५८३ मध्ये तो परतीच्या वाटेवर जहाजासकट बुडाला. त्याचा सावत्रभाऊ वॉल्टर रॅली यानं १५८४ ची सनद घेऊन रोअनोक बेटावर दोनदा माणसं उतरवली. दुसऱ्या खेपेला, १५८७ मध्ये, बायकामुलांसह शंभरावर लोक होते. त्यांचा गव्हर्नर जॉन व्हाइट रसद आणायला इंग्लंडला गेला, स्पेनशी जुंपलेल्या युद्धात अडकला आणि १५९० च्या ऑगस्टमध्ये परतला. वस्ती रिकामी होती. खांबावर ‘क्रोएटोअन’ एवढा शब्द कोरलेला. अमेरिकेत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल म्हणजे व्हाइटची नात व्हर्जिनिया डेअर, तीही त्या बेपत्ता लोकांतच गेली.

यातून लंडनचे व्यापारी एक गोष्ट शिकले. हा खर्च एका सरदाराच्या कनवटीचा नाही. दहा जणांनी दहा ठिकाणचे पैसे घालावेत आणि बुडाले तर थोडेथोडे बुडावेत. मस्कव्ही कंपनी, लेव्हंट कंपनी, १६०० ची ईस्ट इंडिया कंपनी यांच्या रांगेत १६०६ ला व्हर्जिनियाची कंपनी आली. पहिल्या जेम्सच्या १० एप्रिल १६०६ च्या सनदेत ‘लोकांचं राज्य’ कुठेही नाही. लंडनमध्ये राजानं नेमलेलं मंडळ आणि त्याच्या हाताखाली वसाहतीतलं दुसरं मंडळ, एवढीच व्यवस्था. वसाहतीतल्या मंडळात कोण, हे मोहोरबंद पेटीत घालून दिलं होतं आणि पेटी पलीकडे पोचल्यावरच उघडायची होती. डिसेंबर १६०६ मध्ये सुसान कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी ही तीन जहाजं निघाली. चार महिन्यांच्या प्रवासात आपला वरिष्ठ कोण हेच कुणाला नक्की माहीत नाही. एप्रिलअखेर पेटी उघडली तर यादीत जॉन स्मिथचं नाव, आणि तो वाटेत बंडाच्या आरोपावरून कैदेत पडलेला! वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची, पण त्या मंडळाची पुढची भांडणं बघितली तर त्यात हसण्यासारखं फारसं नाही. वर्षभराच्या आत त्यांनी आपल्यातल्याच एका सभासदाला, जॉर्ज केंडलला, गोळ्या घालून मारलं.

जागाही वाईट निवडली. मुलीकडे रिचमंडला गेलो असताना एका जुलैत मी जेम्सटाउन पाहिलं. वैशाखात आपल्याकडे खाडीकाठी उभं राहिलं की अंगातून जशा धारा लागतात तसंच तिथे. नदी रुंद आणि देखणी, पण पाणी मचूळ, भोवती दलदल आणि डास. स्पॅनिश गलबतं आली तर लांबून दिसावीत आणि आपली जहाजं काठाला बांधता यावीत, एवढ्या दोन गोष्टी बघून ती जागा धरली होती. तिथला किल्ला नदीनं गिळला असं बरीच वर्षं समजत. १९९४ पासूनच्या उत्खननात त्याच्या कुडाच्या खांबांचे खळगे मातीत सापडले.

१०४ पुरुष आणि मुलगे उतरले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक पहिल्याच वर्षी मेले. पोव्हॅटन नावानं इंग्रजांना ठाऊक असलेल्या वाहुन्सेनाकॉख या प्रमुखाच्या सत्तेखाली तिथल्या तीसेक जमाती होत्या. त्यांनी मका दिला म्हणून उरलेले जगले. १६०९ च्या नव्या सनदेनं मंडळाचा घोळ मोडून एकट्या गव्हर्नरच्या हातात सगळी सत्ता दिली. त्याच वर्षी ६५९ व्यक्ती आणि लंडनचे ५६ व्यवसायसंघ भागधारक म्हणून पुढे आले, भाग साडेबारा पौंडांचा. आणि त्याच हिवाळ्यात उपासमार झाली. वसंतात किल्ल्यात साठेक हाडाचे सापळे तेवढे उरले होते. माणसांनी माणसं खाल्ल्याच्या तेव्हाच्या नोंदींवर बरेच दिवस वाद होता. २०१३ मध्ये एका मुलीच्या कवटीवरच्या सुऱ्याच्या खुणा जाहीर झाल्या आणि तो मिटला.

यानंतर आला लष्करी कायदा. टॉमस डेल १६११ ला उतरला आणि त्यानं कवायतीच्या शिस्तीनं वसाहत चालवली. बागेतली भाजी चोरली, परवानगीशिवाय कोंबडं मारलं, पळून स्थानिक लोकांत गेला, कशालाही देहदंड. बरं, हे त्यांचे ‘आपले’ इंग्रजच होते. इंग्रज आपल्या माणसांना लोकशाही देत होते असं म्हणणाऱ्यांनी ही सात-आठ वर्षं कुठे बसवायची ते सांगावं.

इथे एक आडवळण घेतो, कारण वर्गात यासाठी मला कधी वेळ मिळाला नाही. व्हर्जिनिया आणि हिंदुस्थान ही दोन वेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं आहेत असं आपण धरतो, पण माणसं तीच होती. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार टॉमस स्माइथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. जेम्सटाउनच्या तीन जहाजांचा म्होरक्या ख्रिस्तोफर न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला. १६१५ मध्ये टॉमस रो जहांगीराकडे वकील म्हणून निघाला तेव्हाच्या ताफ्यातल्या ‘लायन’ जहाजाचा तो कप्तान होता, आणि १६१७ मध्ये जावातल्या बांतामला तो वारला. आणि तो कडक डेल? तो याच कंपनीच्या आरमाराचा सेनापती होऊन पूर्वेला आला आणि १६१९ च्या ऑगस्टमध्ये मच्छलीपट्टणला मेला. म्हणजे जेम्सटाउनची पहिली सभा उठली त्याच महिन्यात, ती सभा ज्याच्या कायद्याला उतारा म्हणून आली तो माणूस आंध्रच्या किनाऱ्यावर शेवटचे श्वास घेत होता.

तर उतारा का लागला? कंपनी बुडत होती. सोनं सापडलं नाही, चीनकडे जाणारी वाट सापडली नाही, काच आणि रेशमाचे प्रयोग फसले. चाललं फक्त जॉन रॉल्फनं १६१२ च्या सुमारास लावून पाहिलेल्या तंबाखूचं. (आपल्या दख्खनला ती पोर्तुगीजांमुळे आधीच ठाऊक होती. अकबराच्या दरबारात ती असद बेगानं नेली ती विजापुराहून.) पण तंबाखू म्हणजे खुरपणी, शेंडे खुडणं, पानं वाळवणं, सगळं हाताचं काम. हात इंग्लंडमधून आणायचे, आणि जेम्सटाउनची कीर्ती अशी की भिकारीही तिकडे जायला तयार होईना. डेलनंच शेवटी शेवटी जुन्या लोकांना तीन-तीन एकर खासगी कसायला दिले, तेव्हा कंपनीच्या सामाईक शेतात अंग चोरणारे तेच लोक आपल्या तुकड्यात राबायला लागले. लंडनला यातून समजायचं ते समजलं.

नोव्हेंबर १६१८ मध्ये नव्या गव्हर्नरला, जॉर्ज यर्डलीला, जे आदेश मिळाले त्यांना पुढे ‘थोर सनद’ म्हणू लागले. जुन्या रहिवाशांना शंभर एकर. स्वखर्चानं येईल त्याला पन्नास, आणि तो आणखी जितकी माणसं आणेल तितके पन्नास-पन्नास आणखी. लष्करी कायदा रद्द. इंग्लंडसारखी न्यायव्यवस्था. आणि वर्षातून एकदा वस्त्यांच्या प्रतिनिधींची सभा. ही सगळी कलमं एकत्रच वाचा. सभेचं कलम तेवढं बाजूला काढून लोकशाहीच्या देव्हाऱ्यात बसवलं की ते शेजारच्या पन्नास एकरांशी किती घट्ट बांधलं आहे ते दिसत नाही. जमीन घ्यायला येणारा पहिला प्रश्न विचारणारच, की उद्या दुसरा डेल आला आणि त्यानं ती काढून घेतली तर?

सभा ३० जुलै १६१९ ला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये भरली. यर्डली, त्याचे सल्लागार आणि अकरा वस्त्यांचे बावीस प्रतिनिधी. सभापती झाला जॉन पोरी, कारण इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसलेला अनुभवी माणूस तोच. पहिल्याच दिवशी दोघांच्या जागेवर हरकत आली. ते कॅप्टन जॉन मार्टिनच्या मळ्यातून आले होते आणि मार्टिनच्या सनदेत त्याला वसाहतीचे कायदे लागू नसल्याची सूट होती. जो कायदा पाळणार नाही त्यानं कायदा करायला बसू नये, असं म्हणून सभेनं त्या दोघांना बाहेर ठेवलं. तीस-चाळीस पानी सिद्धांतापेक्षा ही एक नोंद मला मोलाची वाटते. मग कायदे झाले. आळस, दारू आणि जुगार यांवर बंदी, उत्तम तंबाखूला पौंडभर वजनामागे तीन शिलिंग आणि दुय्यमला अठरा पेन्स. कंपनीकडे एक विनंतीही गेली की बायकांनाही जमिनीचा वाटा द्यावा, कारण नव्या वस्तीत पुरुष जास्त गरजेचा की बाई हे सांगता येत नाही. उकाडा एवढा की वॉल्टर शेली नावाचा प्रतिनिधी सभा चालू असतानाच वारला आणि ४ ऑगस्टला कामकाज आवरतं घेतलं.

त्याच जुलैतली लंडनची एक नोंद आहे. व्हर्जिनियातल्या पोलिश कारागिरांनी तक्रार केली आणि त्यांनाही इतरांइतकेच हक्क देण्याचं कंपनीनं मान्य केलं. त्यासोबत ठरलं की त्यांनी डांबर आणि साबणराख बनवायची कला तरुण पोरांना शिकवावी. हे लोक इंग्रज नव्हते. कसब अंगात होतं, म्हणून कौल मिळाला.

आणि कौल ज्या जमिनीचा होता ती कंपनीची नव्हतीच. ती पोव्हॅटनच्या लोकांची. पन्नास-पन्नास एकरांचे तुकडे नदीकाठानं वर सरकत गेले तसा त्यांचा मका आणि शिकार आक्रसत गेली. २२ मार्च १६२२ ला ओपेचॅनकॅनॉकच्या नेतृत्वाखाली त्यांनी एका दिवसात ३४७ इंग्रज मारले. सभेनंतर महिनाभरही उलटला नव्हता तेव्हा पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ जहाजानं वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली. पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेली ती माणसं अन्नाच्या बदल्यात विकली गेली. त्यांना कौल कोण देतो? न येण्याचा पर्याय ज्याला असतो, त्याच्याशीच सौदा होतो.

१६२४ मध्ये राजानं कंपनीची सनद रद्द करून व्हर्जिनिया आपल्याकडे घेतली. १६२५ च्या शिरगणतीत हजारो पाठवलेल्यांपैकी १,२०० च्या आसपासच उरले होते. सभा कंपनीच्या आदेशातून जन्मलेली, म्हणजे कायद्यानं तीही तिथेच संपली. तरी गव्हर्नर ती बोलावत राहिले. मळेवाल्यांना विचारल्याशिवाय पट्टी गोळा होत नव्हती, लढाईला माणसं मिळत नव्हती. पहिल्या चार्ल्सला तंबाखूच्या मक्त्याला मान्यता हवी झाली, तेव्हा त्यानंही १६२८ मध्ये सभा भरवायला सांगितलं, आणि सभेनं त्याच्या अटी नाकारल्या. १६३५ मध्ये सल्लागारांनी जॉन हार्वी या गव्हर्नरला धरून जहाजात घालून परत पाठवलं. राजानं सभेला अधिकृत मान्यता दिली ती १६३९ ला. तोवर पंधरा वर्षं ती नुसत्या वहिवाटीवर जगली.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट इथे थोडक्यात उरकतो. १६२९ च्या त्यांच्या सनदेत कंपनीची बैठक इंग्लंडमध्येच भरली पाहिजे असं लिहायचं राहिलं होतं. त्या वसाहतीचा पुढारी जॉन विन्थ्रॉप आणि मंडळींनी १६३० मध्ये सनदच जहाजात घालून नेली, आणि भागधारकांची सभा हीच तिथली विधानसभा झाली. त्या राज्याच्या विधिमंडळाला आजही ‘जनरल कोर्ट’ म्हणतात, ते कंपनीच्या सर्वसाधारण सभेचंच नाव. मत मात्र चर्चच्या सभासदांनाच, तेव्हा तिथेही ‘लोक’ म्हणजे कोण हे जपून वाचायचं.

ही गोष्ट इंग्रज रक्ताची नाही याचा पुरावा तर आपल्या शेजारी गोव्यात आहे. अल्बुकर्कनं १५१० नंतर पोर्तुगीज शिपायांना इथल्या बायकांशी लग्नं करून राहायला उत्तेजन दिलं. या ‘कझादो’ मंडळींना गोव्यात टिकवायचं होतं, म्हणून लिस्बनच्या धर्तीवर नगरसभा मिळाली. राजा कॅथलिक, सत्ता व्हाइसरॉयची, तरीही.

आता मुंबई. दुसऱ्या चार्ल्सला लग्नाच्या तहात मिळालेलं बेट त्यानं २७ मार्च १६६८ च्या सनदेनं ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, दर वर्षी ३० सप्टेंबरला दहा पौंड सोन्यात भरायच्या खंडानं. ही सनद १६०६ च्या सनदेशेजारी ठेवून वाचाल तर चकित व्हाल. दोन्हींत जमीन ‘ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीप्रमाणे’ धारण करायची आहे, म्हणजे लष्करी चाकरीचं ओझं नसलेला सगळ्यांत मोकळा धारा. त्या कायद्याच्या भाषेत परळ आणि माझगाव इंग्लंडातल्या केंटमधल्या एका गावाला जोडलेले! दोन्हींत तिथे जन्मलेल्या प्रजेला इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखे हक्क आहेत. कागद जवळपास एकाच साच्यातला, राज्य मात्र वेगळं झालं.

कारण मुंबईत वाटायला ओसाड जमीन नव्हती. नारळाच्या वाड्या, भातखाचरं आणि मिठागरं कोळी, भंडारी, कुणबी आणि पोर्तुगीज अमलातले जमीनदार कसतच होते. तिथे नांगर धरायला इंग्रज येणार नव्हता. आलेले शिपाई आणि कारकून तापानं मरत. दोन पावसाळे म्हणजे इथल्या माणसाचं आयुष्य, अशी म्हणच इंग्रजांत पडली होती. १६८३ च्या अखेरीस पगारकपातीवरून चिडलेल्या याच मंडळींनी रिचर्ड केग्विनच्या पुढाकारानं डेप्युटी गव्हर्नरला कैद केलं आणि वर्षभर राजाच्या नावानं बेट चालवलं. पण त्यातले बहुतेक पगारी नोकर, त्यांचं भांडण धन्याशी. जमिनीत मुळं असलेला मळेवाला त्यांच्यामागे नव्हता.

म्हणून मुंबईला कौल मिळालाच नाही असं मात्र लिहू नका. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आंजियर यानं १६७२ मध्ये जमीनधारकांच्या प्रतिनिधींना बोलावून बोलणी केली. त्यांच्या जमिनी कायम करायच्या आणि बदल्यात त्यांनी दर वर्षी २०,००० झेराफिन (हे पोर्तुगीज नाणं) द्यायचे, असा करार १६७४ ला पक्का झाला. प्रतिनिधी जमले, सौदा झाला, घरी गेले. दर वर्षी पुन्हा जमण्याची गरज दोन्ही बाजूंना नव्हती, रक्कम तर ठरलेलीच होती. जमातींचे तंटे जमातींच्या पंचांकडे राहतील अशी व्यवस्थाही त्यानं आखली.

आणि ज्यांना बाहेरून आणायचं होतं त्यांच्याशी वेगळी बोलणी झाली. १६७७ मध्ये दीवच्या निमा पारख या वाण्यानं मुंबईत यायच्या अटी घातल्या आणि कंपनीनं त्या मान्य केल्या. वखारीला जागा विनाभाड्याची मिळावी. धर्मात कुणी ढवळाढवळ करू नये, बळानं बाटवू नये. आपल्या आवारात कुणी जीवहत्या करू नये. पहारा देण्याची सक्ती नको. लढाई आली तर कुटुंब आणि माल किल्ल्यात ठेवता यावा. सभेत जागा हवी असं कलम त्यात नाही. पोर्तुगीजांच्या दीवमध्ये दिवस काढलेल्या या माणसाला आपल्याला काय नडतं हे नेमकं ठाऊक होतं. जागा नाही पटली तर गलबत भरून सुरतेला जायला तो मोकळाच होता.